डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा: टायरच्या हवेबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात याच पानावर पावसाळ्याआधी टायर कसे बघून घ्यायचे ते लिहिलं होतं, त्यात एका ओळीत टीपीएमएसचा उल्लेख आला, म्हणजे टायरमधली हवा कमी झाली की गाडीच आपल्याला सांगते ती सिस्टिम, आणि नंतर पत्रं आली ती बहुतेक सगळी त्या एका ओळीवरच. नव्या गाडीत ही सिस्टिम मिळते, दिवा लागतो, पण तो का लागला आणि आता काय करायचं हे शोरूममध्ये गाडी देताना कोणी नीट सांगत नाही असं त्या पत्रांवरून दिसतंय. म्हणून यावेळी सगळं पान त्यालाच.

दादा, आठ महिन्यांपूर्वी नवीन गाडी घेतली. मागच्या आठवड्यात डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखा पिवळा दिवा लागला, मध्ये उद्गारचिन्ह. पंपावरचा मुलगा म्हणाला सेन्सरचा प्रॉब्लेम असतो, स्क्रीनवर जाऊन रीसेट मारा. मारलं, दिवा गेला. चार दिवसांनी परत आला, परत रीसेट मारलं. माझ्या गाडीत कुठल्या टायरमध्ये किती हवा आहे ते आकड्यात दिसत नाही, नुसता दिवाच आहे. हे असं रीसेट करत राहिलं तर चालेल का?
– एक वाचक, कोपरखैरणे

नाही चालणार, आणि हे वाचून झाल्यावर आधी खाली जाऊन चारही टायरची हवा गेजने मोजा, बाकीचं नंतर वाचा.

आता का ते सांगतो. तुमच्या गाडीत आकडे दिसत नाहीत आणि रीसेटचं बटण आहे म्हणजे तुमची सिस्टिम इनडायरेक्ट प्रकारची असणार, ब्रोशरमध्ये बहुतेक 'आय टीपीएमएस' असं लिहिलेलं सापडेल. यात टायरच्या आत काहीही बसवलेलं नसतं. गाडीला एबीएस असतं, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सिस्टिम, 2019 च्या एप्रिलपासून आपल्याकडे सगळ्या नव्या कारना ते सक्तीचंच आहे, आणि त्या एबीएससाठी प्रत्येक चाकाजवळ ते किती वेगाने फिरतंय हे मोजणारा एक सेन्सर असतोच. कंपनीने त्याच सेन्सरवर अजून एक काम टाकलं. हवा कमी झालेलं टायर थोडं बसतं, बसलं की त्याची त्रिज्या किंचित कमी होते, आणि छोटं चाक तेवढंच अंतर कापायला जास्त फिरतं हे तर आपल्याला सायकलवरूनच माहीत आहे. कारचं चाक एका किलोमीटरमध्ये साधारण 500 फेऱ्या मारतं, त्यात दोनचार फेऱ्या जरी जास्त पडायला लागल्या तरी कॉम्प्युटरला ते कळतं, कारण बाकीची तीन चाकं तुलनेला शेजारीच आहेत. याशिवाय टायर रस्त्यावरून जाताना जी बारीक थरथर होते तिचा सूर हवेप्रमाणे बदलतो, बऱ्याच नव्या गाड्या तोही ऐकतात.

म्हणजे तुमच्या गाडीला हवा किती आहे हे माहीतच नसतं, आधी कसं होतं आणि आता कसं आहे एवढाच फरक तिला कळतो. आणि ते 'आधी' कुठलं, तर तुम्ही ज्या क्षणी रीसेट दाबता तिथून पुढे गाडी काही किलोमीटर चालवून ती जे शिकते ते. रीसेट दाबणं म्हणजे गाडीला सांगणं की बाई, आत्ता चारही टायरमध्ये आहे ती हवा बरोबर आहे, हीच लक्षात ठेव. तुम्ही हवा न भरता दाबलंत म्हणजे बसलेलं टायर हेच बरोबर असं तिला शिकवलंत, आणि तरी चार दिवसांनी दिवा परत आला याचा अर्थ त्या चुकीच्या शिकवणीच्याही खाली हवा गेली आहे. सेन्सर बिघडलेला नाहीये हो, कुठल्यातरी टायरमध्ये हळू पंक्चर आहे, बहुतेक खिळा तसाच आत रुतून बसलाय.

मी हे इतकं ठासून सांगतोय कारण माझ्या साडूच्या गाडीला अगदी हेच झालं. तुर्भ्याला एका ठिकाणी त्याला असंच रीसेट करून दिलं, दोनदा, आणि तिसऱ्या वेळी दिवा पुन्हा लागायची वेळच आली नाही. सायन-पनवेल हायवेला कामोठ्याच्या जवळ मागचं टायर गेलं, गाडीत माझी मेहुणी आणि दोन मुलं. सगळे सुखरूप उतरले, डावीकडच्या लेनला होते आणि वेग कमी होता म्हणून. मी तिथे गेलो तेव्हा टायर रिमवरून काढताना आतून मूठभर काळा चुरा पडला, भरडलेल्या मिरीसारखा. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, आतल्या आत घासून घासून त्याचा तो भुगा झालेला असतो, बाहेरून काही दिसत नाही. तो चुरा मी कधीच विसरणार नाही. कमी हवेचं टायर प्रत्येक फेरीला जास्त वाकतं, वाकण्याने गरम होतं, गरम झालं की आतले दोरे आणि रबर एकमेकांना सोडायला लागतात, आणि हे सगळं होत असताना स्टिअरिंगवर फारसं जाणवत नाही.

तर क्रम असा ठेवा, आधी गार टायरमध्ये गेज लावून बघा, कमी असेल ते टायर पंक्चरवाल्याकडे पाण्यात धरून किंवा साबणाचं पाणी मारून तपासा, दुरुस्त करा, चारही चाकांत कंपनीने सांगितलेली हवा भरा, आणि मगच रीसेट. टायर बदललं, चाकं आलटून पालटून लावली, तरीही हवा भरून मग रीसेट. एक अजून गोष्ट, चारही टायरची हवा महिन्या-दोन महिन्यांत सारखीच उतरत गेली तर तुलनेवर चालणाऱ्या सिस्टिमला ते पकडणं अवघड जातं, कारण चारही चाकं सारखीच छोटी झालेली असतात. टायर नुसतं उभं असलं तरी महिन्याला 1-2 पीएसआय (गेजवर हवेचा दाब ज्यात मोजतात ते एकक) जातेच, त्यामुळे तुमच्यासारख्या गाडीला महिन्यातून एकदा गेज लावायला पर्याय नाही.

आमची गाडी घोडबंदर रोडला राहते. थंडीत सकाळी निघाले की दिवा लागतो, माजिवड्याला पोचेपर्यंत आपोआप बंद होतो. संध्याकाळी नसतो. आमच्या गाडीत प्रत्येक टायरचे आकडे दिसतात पण मी सकाळच्या गडबडीत कधी बघितले नाहीत. मिस्टर म्हणतात वायरिंगमध्ये काहीतरी लूज असेल.
– एक वाचक भगिनी, कासारवडवली

ताई, वायरिंग नाही, तुमची सिस्टिम अगदी नीट काम करतेय. हवा तापली की फुगते, गार झाली की आक्रसते, ढोबळ हिशोब असा की तापमान 5-6 डिग्रीने बदललं की प्रेशर साधारण 1 पीएसआयने बदलतं. गाडी चालली की टायर स्वतःच्या वाकण्याने गरम होतं आणि 3-4 पीएसआय सहज वाढतात. तुमच्याकडे सकाळी दिव्याच्या रेषेच्या खाली असलेली हवा माजिवड्यापर्यंत गरम होऊन रेषेच्या वर जाते, एवढंच घडतंय.

पण ती रेषा कुठे असते ते बघा ना. बऱ्याच गाड्यांत दिवा लागतो तो सांगितलेल्या प्रेशरपेक्षा 20 ते 25 टक्के हवा कमी झाल्यावर. तुमच्या गाडीला 33 सांगितलंय असं धरलं तर 25-26 च्या आसपास. म्हणजे तुम्ही रोज सकाळी 7 पीएसआय कमी हवेवर ट्रॅफिकमध्ये निघताय, आणि दिवा बंद होतो तेव्हा हवा भरली गेलेली नसते, टायर फक्त गरम झालेलं असतं. दिवा गेला की माणूस निवांत होतो, तेच इथे घातक आहे. उद्या सकाळी गाडी सुरू केल्यावर गेटच्या बाहेर पडेपर्यंत आकडे बघा, चारही टायर कमी असतील तर नुसती भरायची राहिलीय, एकच कमी असेल तर पंक्चर आहे. काही गाड्यांत थोडं चालवल्याशिवाय आकडे येत नाहीत, तसं असेल तर पहिल्या सिग्नलला बघा.

महाबळेश्वरला वगैरे डिसेंबरात जाणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. ठाण्यात दुपारी 32 डिग्रीला 33 भरून निघालात आणि वर पहाटे 10 डिग्री असेल तर तीच हवा साधारण 30 दाखवते, कुठेही गळती नसताना.

आणि यातूनच एक चूक होते ती सांगून ठेवतो, लांबून गाडी चालवून आल्यावर पंपावर गेज 37 दाखवतं आणि पंपवाला हवा सोडून 33 करून देतो. तसं करू देऊ नका. 33 हा आकडा गार टायरचा आहे, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना किंवा एकदोन किलोमीटरच्या आतच चालली असताना. गरम टायरमधून हवा सोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी परत तुमचा दिवा लागला समजा. आकडा बघायचा तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या स्टिकरवर, टायरच्या अंगावर छापलेला जो मोठा आकडा असतो ती त्या टायरची कमाल मर्यादा असते, ती भरायची नसते. भरल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, गावाला पाच माणसं आणि सामान घेऊन निघताना तो वापरा.

पंक्चरवाल्याने टायर काढताना आतला सेन्सर तोडला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात नवीनच घ्यावा लागेल, बॅटरी बदलता येत नाही, शिवाय गाडीला तो 'शिकवावा' लागेल. काका, हे खरं आहे की पैसे काढायचं काम आहे? आणि त्या सेन्सरमध्ये एवढं असतं तरी काय?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

खरं आहे. पैसे जास्त सांगितले असतील तर दुसरीकडे विचारून बघा, पण जे सांगितलं ते खरं आहे.

तुमच्याकडे डायरेक्ट सिस्टिम आहे. प्रत्येक चाकात, हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, आगपेटीपेक्षा लहान अशी एक डबी स्क्रूने बसवलेली असते. तिच्यात प्रेशर मोजणारी चिप, तापमान मोजणारा भाग, चाक फिरतंय की उभं आहे हे ओळखणारा भाग, छोटा रेडिओ ट्रान्समीटर आणि नाण्याच्या आकाराची लिथियम बॅटरी, आणि हे सगळं पाणी आणि हादरे लागू नयेत म्हणून एका घट्ट रसायनात बुडवून कायमचं सील केलेलं. म्हणून बॅटरी बदलता येत नाही. उघडायला गेलं की डबी तुटते. विचार करा ना, ताशी 100 ला हे चाक सेकंदाला चौदा-एक वेळा फिरतं, उन्हाळ्यात रस्ता तापलेला, पावसाळ्यात खड्डे, आणि एवढीशी बॅटरी यात साधारण पाच ते दहा वर्षं टिकते. ती टिकते कारण सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो. गाडी उभी असताना तो जवळपास काहीच पाठवत नाही, चाक फिरायला लागलं की जागा होतो आणि साधारण मिनिटाला एकदा आपला आकडा रेडिओवरून गाडीला कळवतो, आपल्याकडच्या गाड्यांत 433 मेगाहर्ट्झवर, अमेरिकेत बऱ्याच गाड्यांत 315 वर. मात्र हवा अचानक पडायला लागली तर मिनिटाची वाट न बघता लगेच ओरडतो. हवा भरल्यावरही दिवा लगेच जात नाही अशी तक्रार दोघातिघांनी केलीय त्याचं उत्तरही यातच आलं, थोडं अंतर चालवा, सेन्सर जागा होऊ द्या.

'शिकवणं' म्हणजे प्रत्येक सेन्सरला जन्मापासून एक स्वतंत्र नंबर असतो आणि तो नंबर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावा लागतो, नाहीतर नवा सेन्सर बोलत राहील आणि गाडी त्याला ओळखणारच नाही. काही गाड्या दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर आपण होऊन शिकतात, काहींना सर्व्हिस सेंटरचं मशीन लावावं लागतं. चाकं पुढची मागे लावलीत तरी हे बघायला लागतं, नाहीतर स्क्रीन पुढच्या डाव्या टायरची हवा कमी म्हणेल आणि प्रत्यक्षात मागचं असेल.

आता पंक्चरवाल्याबद्दल. त्याला दोष देऊन फायदा नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की आत काही आहे. टायर रिमपासून सुटं करायला मशीनचा जो दाब देतात तो व्हॉल्व्हच्या जवळ दिला की थेट सेन्सरवर येतो. गाडी दिल्याबरोबर सांगायचं, आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हपासून लांब धरून दाबा, आणि जमलं तर टायर उतरेपर्यंत तिथेच उभं राहायचं. व्हॉल्व्ह धातूचा दिसला तर आत सेन्सर असण्याची शक्यता खूप, पण रबरी व्हॉल्व्हवर बसणारे सेन्सरही असतात, त्यामुळे नुसतं बघून ठरवू नका.

आपल्याकडे खाडीकाठी राहणाऱ्यांसाठी अजून एक, ही गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. सेन्सरचा व्हॉल्व्ह बहुतेक ॲल्युमिनियमचा असतो. त्यात हवा अडवणारी साधी पितळेची पिन टाकली, किंवा वरून शोभेची धातूची टोपी घातली, की दोन वेगळे धातू आणि खारी दमट हवा मिळून आतल्या आत गंजायला सुरुवात होते, वर्षभरात टोपी अशी जाम होते की पकडीने फिरवताना व्हॉल्व्हच तुटतो आणि सेन्सरसकट जातो. वाशी, ऐरोली, बेलापूरकडच्या गाड्यांना हे होताना मी बघितलंय. पिन निकेलच्या मुलाम्याची मागा, टोपी साधी काळी प्लास्टिकची ठेवा, ती पाच-दहा रुपयांची टोपी तुमचा काही हजारांचा सेन्सर वाचवते. आणि चौथ्या टायरचा सेन्सर तुटलाय, गाडी आठ वर्षांची आहे, चारही टायर बदलायला आलेत, अशी परिस्थिती असेल तर चारही सेन्सर एकदमच बदला, कारण बाकीच्या तिघांच्या बॅटऱ्या त्याच वयाच्या आहेत आणि दर वेळी टायर उतरवायची मजुरी वेगळी.

बॅटरी गेली हे कसं ओळखायचं असंही एकांनी विचारलंय. गाडी चालू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग तसाच लागून राहतो, तो सिस्टिममधला बिघाड. लागला तो सरळ लागला, लुकलुक नाही, तर हवा कमी. स्टेपनीमध्ये बहुतेक वेळा सेन्सर नसतो, त्यामुळे स्टेपनी लावल्यावर लुकलुक होणारच, घाबरू नका.

आमच्या सोसायटीत पोडियम पार्किंगला गाड्या अगदी चिकटून लागतात. शेजारच्या गाडीचे आकडे माझ्या स्क्रीनवर येऊ शकतात का?
– एक वाचक, नेरूळ

नाही, वर सांगितलेला तो स्वतंत्र नंबर असतो ना, तुमची गाडी फक्त तिच्याकडे नोंदलेल्या चार नंबरांचंच ऐकते. सिग्नल मात्र बाहेर पोचतो आणि त्याला कुलूप नसतं, 2010 साली अमेरिकेत रटगर्स आणि साउथ कॅरोलिना विद्यापीठांतल्या संशोधकांनी चालत्या गाडीचे हे सिग्नल 40 मीटरवरून पकडून दाखवले होते आणि खोटा सिग्नल पाठवून दिवाही लावून दाखवला होता. तुमच्या पार्किंगमध्ये असं कोणी करणार नाही, पण चिकटून लागलेल्या गाडीमुळे दिवा लागला असं समजून हवा न बघता निघू नका.

मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हे सगळं आलं कुठून, आणि अमेरिकेत, युरोपात कंपल्सरी आहे तर आपल्याकडे का नाही?
– एक विद्यार्थिनी, ऐरोली

1986 च्या पोर्श 959 मध्ये ही सिस्टिम पहिल्यांदा रस्त्यावरच्या कारमध्ये आली असं मानतात. पण ती तेव्हा श्रीमंतांची गोष्ट होती, सगळ्यांपर्यंत ती आली अपघातांमुळे. 2000 साली अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे 65 लाख टायर परत मागवले, त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते, टायरची वरची पट्टी सुटून गाड्या उलटत होत्या आणि शेकड्याने माणसं गेली. टायरच्या रचनेबरोबर कमी हवेचा मुद्दाही त्या चौकशीत जोरात आला. त्याच वर्षी तिथे ट्रेड (TREAD) ॲक्ट म्हणून कायदा झाला आणि 2007 च्या सप्टेंबरपासून तयार होणाऱ्या सगळ्या हलक्या गाड्यांना टीपीएमएस बंधनकारक झालं, 25 टक्के हवा कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे. युरोपात 2014 च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक नव्या कारला आलं आणि तिथे रेषा 20 टक्क्यांवर आहे.

आपल्याकडे यासाठी एआयएस 154 नावाचं मानक आहे, म्हणजे कंपनीने सिस्टिम दिली तर ती कशी असावी हे ठरलेलं आहे, पण प्रत्येक कारला द्यायलाच पाहिजे अशी सक्ती नाही. माझं मत विचारशील तर असायला पाहिजे, आणि निदान इनडायरेक्ट तरी सगळ्यात स्वस्त गाडीपासून, कारण एबीएसचे सेन्सर आता प्रत्येक कारमध्ये आहेतच, वर फक्त प्रोग्रॅम लागतो. डोळ्याने हवा कळते हा आपला समज आजच्या कारना असतात ते रेडियल टायर आल्यापासून चुकीचा ठरलाय, 33 आणि 25 चं टायर शेजारी शेजारी ठेवलं तर अनुभवी माणसालाही पटकन ओळखू येत नाही.

तुला प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर एबीएसच्या सिग्नलवरून टायरची थरथर ओळखण्याचा भाग घे, त्यात तुमचं सिग्नल प्रोसेसिंग सगळं वापरता येईल.

माझी गाडी 2016 ची, त्यात हे काही नाही. ऑनलाइन व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे सेन्सर मिळतात आणि काचेपाशी ठेवायचा सोलरचा डिस्प्ले. घेऊ का?
– एक वाचक, कळवा

घ्या, नसण्यापेक्षा नक्कीच बरं. बाहेरून बसणाऱ्या टोप्यांची सोय अशी की टायर उतरवायला नको आणि त्यांची बटण बॅटरी घरी बदलता येते. त्रासही आहेत, दर वेळी हवा भरताना टोपी काढायची, परत नीट आवळायची, आवळताना आतली रबराची चकती वाकडी बसली तर सेन्सरच हवा सोडायला लागतो, म्हणून लावून झाल्यावर थोडं साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघाच. जुना रबरी व्हॉल्व्ह कडक झाला असेल, वाकवल्यावर भेगा दिसत असतील, तर आधी तो बदला, वरच्या टोपीचं वजन वेगात त्याला बाहेर ओढत असतं. रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांच्या टोप्या चोरीलाही जातात. येत्या वर्षात टायर बदलायचेच असतील तर थांबा आणि तेव्हा आतून बसणारे घ्या, मजुरी तीच पडते. आणि अलार्मचा आकडा स्वतः सेट करा, डब्यातून जसा येतो तसा ठेवू नका, 33 वाल्या गाडीला मी 28 ला लावतो, कंपनीच्या दिव्यापेक्षा थोडं आधीच कळलेलं बरं.

पुढच्या महिन्यात समृद्धीने नागपूरला जायचंय, आई-बाबा आणि मुलगी बरोबर. गाडीत स्टेपनीच नाही, कंपनीने पंक्चर किट दिलंय आणि म्हणतात टीपीएमएस आहे म्हणून स्टेपनी लागत नाही. मला झोप लागत नाहीये. एवढ्या भरवशावर जाऊ का?
– एक वाचक, खारघर

स्टेपनी न देण्याला परवानगी आहे, 2020 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने नियम बदलला, ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. तुमची काळजी मात्र बरोबर आहे, कारण आमणेपासून नागपूरपर्यंत 701 किलोमीटर आहेत, कारला 120 ची मर्यादा आहे, रस्ता काँक्रीटचा आणि सरळसोट, तासन् तास एकाच वेगाने गाडी जाते आणि टायरला गार व्हायला उसंतच मिळत नाही. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये जी कमी हवा खपून जाते ती तिथे खपत नाही.

टीपीएमएस तुम्हाला हवा सांगेल, टायरची तब्येत सांगणार नाही. खड्ड्यात आपटून साइडवॉलला फुगा आला असेल तर त्या टायरची हवा 33 च असते, दिवा लागत नाही, आणि ते टायर 120 ला केव्हाही जाऊ शकतं. म्हणून निघायच्या आठ दिवस आधी गाडी रॅम्पवर चढवून चारही टायर आतल्या बाजूनेही बघून घ्या, बाहेरची बाजू आपण धुताना बघतो, आतली कोणी बघत नाही. खाचेतल्या छोट्या उंचवट्यापर्यंत रबर झिजलं असेल, म्हणजे 1.6 मिलिमीटर, तर टायर कायद्यानेही बाद. आणि वय बघा, साइडवॉलवर चार आकडी नंबर असतो, 2319 लिहिलं असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. खाचा चांगल्या दिसतात पण टायर सहा-सात वर्षांचं आहे, असं असेल तर मी माझ्या आईला त्यावर बसवून समृद्धीला नेणार नाही.

हवा खारघरलाच पहाटे गार टायरमध्ये भरा, भरल्या गाडीचा जो आकडा स्टिकरवर आहे तो. वाटेत आकडा 4-5 ने वाढलेला दिसेल, दुपारी विदर्भात अजून थोडा, चारही टायर सारखे वाढत असतील तर काही करू नका. एकच टायर बाकीच्या तिघांपेक्षा मागे राहायला लागलं की तिथेच लक्ष द्या, दिवा लागायच्या बराच आधी तुम्हाला हळू पंक्चर कळतं, आणि आकडे दिसणाऱ्या सिस्टिमचा खरा फायदा मला तरी हाच वाटतो. तासातून एकदा बरोबर बसलेल्याला आकडे वाचायला सांगा, मुलीला सांगितलंत तर ती आवडीने करेल.

दिवा लागलाच तर जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडून वेग हळूहळू उतरू द्या आणि डावीकडे या. आकडा सावकाश उतरत असेल आणि पुढची सुविधा केंद्राची जागा जवळ असेल तर 50-60 ने तिथपर्यंत जाता येतं, झपाट्याने पडत असेल तर जिथे आहात तिथे लेनच्या बाहेर पूर्ण डावीकडे थांबा, इंडिकेटर चालू, त्रिकोण मागे बऱ्यापैकी लांब ठेवा, आणि सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करा, गाडीत बसवून ठेवू नका. उजव्या बाजूचं टायर असेल तर रस्त्याकडे पाठ करून किट लावत बसू नका, मदत बोलवा.

किट घरीच एकदा उघडून बघा, कॉम्प्रेसर लावून हवा भरून बघा, वायर मागच्या चाकापर्यंत पोचते का तेही. त्यातल्या बाटलीतलं औषध खिळ्याएवढ्या भोकाला चालतं, साइडवॉल फाटली असेल तर नाही. बाटलीवर एक्सपायरीची तारीख असते, ती उलटून गेली असेल तर नवी घ्या. एकदा ते औषध टायरमध्ये टाकलंत की पंक्चरवाल्याला तसं सांगा, टायर आतून धुवून सेन्सरचं भोक मोकळं करायला लावा, नाहीतर ते वाळून सेन्सर बंद पडतो, आणि पंक्चर बाहेरून स्ट्रिप टाकून नको, आतून मशरूम पॅच, म्हणजे देठ भोकात आणि टोपी आतून चिकटते असा छत्रीसारखा तुकडा, लावून घ्या. एवढ्या लांब जाताय तर माझ्या मते एका स्टेपनीचे पैसे घाला, डिकीत एक बॅग कमी बसेल, तुम्हाला झोप लागेल. घेताना स्टिकरवर जी टायरची साइज आहे तीच घ्या, आणि जॅक आणि पाना किटवाल्या गाडीबरोबर येत नाहीत, ते वेगळे लागतील.